घानातल्या अक्राहून टोगोमार्गे बेनिनमधल्या कोटोनूला रस्त्याने जाता येतं का, की विमानच बरं?

रस्त्यानेच जा. विमानाने थेट बेनिनमध्ये उतरलात तर मधला टोगो आख्खा हुकला.

आम्ही घानात टेमाला राहायचो. नवऱ्याच्या कंपनीतले एक वरिष्ठ जेवायला आले की हमखास सांगायचे, "वहिनी, इथे रस्त्याने सीमा ओलांडायची नसते, बाईमाणसाने तर नाहीच." स्वतः त्यांनी कंपाउंड आणि विमानतळ यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. मी गेले.

घानाच्या सीमेवरच्या आफ्लाओला चालत सीमा ओलांडली की तुम्ही थेट टोगोच्या राजधानीत, लोमे शहरातच. दोन्हीकडे एवे बोलणारे लोक. त्यांच्या मधोमध ही रेघ इंग्रज-जर्मनांनी ओढली, पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांच्या जागी फ्रेंच आले, पण नातीगोती दोन्हीकडे तशीच आहेत.

लोमेहून पुढची शेअर टॅक्सी म्हणजे आपलं वडाप, भरल्याशिवाय हलत नाही. माझ्या शेजारी वॅक्स प्रिंटच्या, म्हणजे मेणाच्या छपाईच्या रंगीत कापडांचा गठ्ठा मांडीवर घेतलेली एक व्यापारी बाई होती. लोमेच्या कापडवाल्या बायकांचा दरारा जुना. मर्सिडीजमधून फिरायच्या म्हणून त्यांच्यातल्या बड्या व्यापारणींना 'नाना बेंझ' म्हणत. बेनिनच्या सीमेवर, हिलाकोंजीला, माझ्या पासपोर्टला वेळ लागला आणि ड्रायव्हर निघायची घाई करू लागला. बाई खाली उतरली, गठ्ठा टॅक्सीच्या पुढ्यात टाकला आणि त्यावर ठाण मांडून बसली. मी शिक्का घेऊन येईपर्यंत हलली नाही. मग माझ्या ओंजळीत उकडलेल्या शेंगा ओतल्या. आम्हाला एकमेकींचं एक वाक्य कळत नव्हतं.

त्या साहेबांना हे सांगितलं तर म्हणाले, "नशीब तुमचं." नशीब कसलं? तो रस्ता रोज अशा बायकाच चालवतात. माल घेऊन, पोरं पाठीला बांधून त्या सीमा ओलांडतात. बाईमाणसाने जायचं नसतं म्हणे!

टोगो-बेनिनचे व्हिसा ऑनलाइन मिळतात. घानाचा मल्टिपल एंट्री घ्या, नाहीतर परत येताना अडकाल. पीतज्वराची लस निघायच्या किमान १० दिवस आधी हवी, लसीचं पिवळं कार्ड हाताशी ठेवा. टोगो-बेनिन दोन्हीकडे सीएफए फ्रँक हेच चलन चालतं. घानाचे सेडी आफ्लाओपर्यंतच संपवा.

आणि हो, हे सगळं किनाऱ्याच्या रस्त्यापुरतं. टोगो-बेनिनच्या उत्तरेला, बुर्किना फासोच्या सीमेकडे, सशस्त्र गटांचे हल्ले होतात, तिकडे जाऊ नका. किनाऱ्यालाही अंधार पडल्यावर टॅक्सीत बसू नका, लोमेला मुक्काम करा.