माग नवा घ्याल, पण मालाचे पैसे कधी येणार?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाई, अक्कलकोट रोडला आमचे यंत्रमाग आहेत, टॉवेल विणतो. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून कारखान्यात आलो. जुने माग काढून रॅपियर (धोट्याशिवाय चालणारे वेगवान माग) टाकावेत असं मला वाटतं. वडील म्हणतात, कर्ज अंगावर घेऊ नको, चाललंय ते चालू दे. नवी तंत्रं आणली, धंदे काढले की गावाचा विकास होतो असं जो तो सांगतो. मग एवढे कारखानदार असूनही सोलापूरची पोरं पुण्याची गाडी का धरतात?
(एक तरुण कारखानदार, सोलापूर)

उत्तर : तुमच्या वडिलांना मागासलेलं समजू नका. सूत घ्यायचं रोखीनं नाहीतर चार दिवसांच्या उधारीवर, टॉवेल द्यायचे तीन-चार महिन्यांच्या उधारीवर, आणि बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला. या हिशेबात रॅपियर कितीही जोरात चालला तरी पैसा व्यापाऱ्याकडेच अडकणार. उलट माल जास्त निघेल तशी उधारीही वाढेल. वडिलांनी हे आयुष्यभर सोसलंय, म्हणून ते नको म्हणतात.

तरीही माग बदला, असंच मी सांगेन. धोट्याच्या मागाचे दिवस भरत आले आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण मागाबरोबर आणखी एक गोष्ट बदलावी लागेल, ती म्हणजे पैसे मिळण्याची व्यवस्था, आणि ती एकट्याच्या शेडमध्ये बदलत नाही.

आमचे नान्ना, म्हणजे वडील, जॉबर होते, माग लावून देणारे कारागीर. त्यांच्यामुळे मी जेकार्ड, म्हणजे मागावर नक्षी उठवणारं यंत्र, जवळून पाहिला. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकीला एक दोऱ्यानं ओवलेल्या असतात आणि मागाच्या डोक्यावर माळेसारख्या फिरतात. भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि तिच्या हुकाचे धागे वर उचलले जातात. भोक नसेल तिथले धागे खालीच राहतात. अशी एक पट्टी, म्हणजे एक ‘पत्ता’, ही बाण्याची (आडव्या धाग्याची) एक ओळ. मोराच्या मानेजवळ एक भोक चुकलं की प्रत्येक चादरीत त्याच जागी तीच चूक. नान्ना चादर उलटी करून उजेडात धरायचे, बोटानं ओळी मोजायचे आणि नेमका तोच पत्ता काढून आणायचे. आज इलेक्ट्रॉनिक जेकार्डमध्ये हेच काम संगणकातल्या फाइलवर होतं.

हे यंत्र फ्रान्समधल्या लिऑं शहरातल्या जोसेफ मारी जॅकर्डनं 1804 च्या सुमारास तयार केलं. तिथले विणकर खवळले, कारण धागे ओढणाऱ्या मदतनीसांची रोजी जाणार होती. त्यांचा राग मला चुकीचा वाटत नाही. पण 1805-06 च्या सुमारास सरकारनं ते यंत्र सार्वजनिक मालकीचं ठरवलं, जॅकर्डला निवृत्तिवेतन दिलं आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे त्याला रक्कम मिळेल अशी सोय केली. शोध लावणाऱ्याच्या भाकरीची सोय झाली आणि यंत्र कुणा एकाच्या दाराआड अडकून राहिलं नाही. यंत्र जितकं हुशारीचं होतं, तितकीच ती व्यवस्थाही हुशारीची होती. आपल्याकडे यंत्रं आली, नकला झाल्या, पण त्यांच्याभोवती अशी व्यवस्था फारशी उभी राहिली नाही. पोरं पुण्याला का जातात याचं माझं उत्तर हेच आहे. पुण्यात पगार महिन्याला हातात पडतो. इथे बापाचेच पैसे वेळेवर येत नाहीत, तर मुलानं कशाच्या भरवशावर धंद्यात उतरायचं?

कायदा मात्र आपल्या बाजूनं आहे, आणि हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यानं सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचा माल घेणाऱ्यानं ठरल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात, आणि ती मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी करारच नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. 2023 च्या वित्त कायद्यानं यात आयकराची कळ घातली : मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष चुकते होईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च करातून वजा मिळत नाही. यासाठी तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, हवी. ती फुकट होते. आधी करून ठेवा, वाद झाल्यावर धावाधाव नको.

मग हा कायदा वापरला का जात नाही? कारण तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून म्हणते, एकट्यानं भांडू नका. तुमच्या गल्लीतले, ओळखीतले जेवढे कारखानदार तयार होतील तेवढ्यांनी बिलावर एकच मजकूर छापा : मुदत 45 दिवस, पुढे कायद्याप्रमाणे व्याज, खाली उद्यम क्रमांक. काही व्यापारी तोंड फिरवतील, दुसऱ्या गावाचा माल घेतील, हे धरूनच चाला. पण सगळे फिरवणार नाहीत. आणि माल मोठ्या हॉटेल कंपन्यांना किंवा रुग्णालयांना थेट देता आला तर ‘ट्रेड्स’ची माहिती घ्या. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीनं चालणारी ही ऑनलाइन सोय आहे. खरेदीदारानं तुमचं बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात. तुम्हाला व्याजाची रक्कम कापून पैसे लगेच मिळतात, खरेदीदार नंतर बँकेला देतो.

वडिलांशी बोलताना रॅपियरचा वेग सांगू नका. पहिल्या वर्षभराचा हप्ता कोणत्या गिऱ्हाइकाच्या कोणत्या बिलातून निघेल, तो कागद पुढे ठेवा. असं एकच पक्कं गिऱ्हाईक हाताशी असेल तर एका मागानं सुरुवात करा.

प्रश्न : 2024 चं अर्थशास्त्राचं नोबेल संस्थांचा अभ्यास करणाऱ्यांना मिळालं, 2025 चं नवोन्मेषाचा अभ्यास करणाऱ्यांना. मग आधी काय हवं, चांगल्या संस्था की नव्या कल्पना?
(स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, पंढरपूर)

उत्तर : परीक्षेपुरतं आधी सांगते. संस्था म्हणजे इथे समाजाचे नियम आणि व्यवस्था. अॅसेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन यांचं म्हणणं असं की, कायदा, मालमत्तेचा हक्क आणि सत्तेतला वाटा बहुसंख्यांना मिळतो तिथे भरभराट टिकते. 2025 च्या तिघांपैकी मोकिर इतिहासकार. एखादी गोष्ट का चालते हे कळणं आणि समाजानं नव्याला वाट देणं, यामुळे प्रगती अखंड होते, असं ते दाखवतात. अॅगियाँ आणि हाविट यांनी 1992 मध्ये गणितानं मांडलं की नवा माल जुन्याला बाजारातून ढकलतो आणि वाढ त्यातूनच होते. ज्याचं जुनं जातं तो विरोध करतो. त्याला सावरायचं कसं, हा प्रश्न पुन्हा संस्थांचाच.

‘आधी काय’ यापेक्षा मला आपल्या गावचा माणूस जास्त शिकवून जातो. वालचंद हिराचंद 1882 मध्ये सोलापुरात जन्मले. त्यांच्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं ‘लॉयल्टी’ हे जहाज 5 एप्रिल 1919 ला मुंबईहून लंडनला निघालं. आपण राष्ट्रीय नौवहन दिन त्याच तारखेला पाळतो. जहाज होतं, हिंमत होती, भांडवलही उभं केलं. पण ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडले आणि 1923 मध्ये सिंदियाला स्वतःवर मर्यादा घालून घेणारा करार करावा लागला. तेव्हा लढाई समुद्रावरून विधिमंडळात गेली. किनाऱ्यावरची वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखावी असं विधेयक 1928 मध्ये विधिमंडळाचे सदस्य साराभाई हाजी यांनी मांडलं. त्याचा कायदा झाला नाही, पण मागणी मेली नाही, आणि स्वातंत्र्यानंतर ते धोरण आलं. म्हणजे चांगली संस्था तयार होऊन वाट बघत बसलेली नव्हती. धंदा करताना जो अडथळा लागला, त्यातूनच नियमाची मागणी जन्मली. वालचंदांचे विमानांचे आणि मोटारींचे कारखाने सगळ्यांना पाठ असतात, पण ही दरांची लढाई शाळेत कुणी शिकवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रश्न : मी प्रदर्शनांत चादरी विकते. गिऱ्हाईक विचारतं, ‘ही खरी सोलापुरीच कशावरून?’ काय दाखवू?
(एक बचत गट सदस्य, सोलापूर)

उत्तर : सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, म्हणजे हे नाव त्या भागातल्या मालालाच लावता येतं. कायदा 1999 चा, अंमल 15 सप्टेंबर 2003 पासून. पण गावाला मानांकन मिळालं म्हणून प्रत्येक कारखानदाराला ते आपोआप मिळत नाही. उत्पादकाला चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळं नाव घालावं लागतं. बाहेर विणलेली चादर आपल्या नावानं सर्रास विकली जाते, ती या कामाला आळस केल्यामुळेही. तुम्ही ज्यांच्याकडून माल उचलता त्यांना त्या नोंदणीचा कागद मागा आणि त्याची प्रत स्टॉलवर ठेवा. नोंदणी नसेल तर त्यांना ती करायला लावा. दोघा-तिघा उत्पादकांना मिळून अर्ज भरायला सांगितलं तर काम सोपं जाईल. तोवर बिलावर विणणाऱ्या कारखान्याचं नाव आणि पत्ता लिहून द्या.