वर्सोव्याच्या खाडीत चालणाऱ्या फोर-स्ट्रोक आउटबोर्डसाठी (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनासाठी) मेकॅनिकने सर्व्हिसिंगची लांबलचक यादी दिली आहे. त्यातलं खरंच गरजेचं काय?

चार कामं चुकवू नका: दर फेरीनंतर गोड्या पाण्याने फ्लशिंग, इंजिन ऑइल, गिअर ऑइल आणि वॉटर पंपाचा इम्पेलर (इंजिन थंड ठेवणारं पाणी खेचणारा पंखा). खारं पाणी आत सुकलं की मीठ कूलिंगच्या वाटा बुजवतं; नळी लावायला दहा मिनिटं लागतात, तरी सगळ्यात जास्त टाळलं जातं ते हेच. दोन्ही ऑइलं साधारण १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा बदला. गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. प्रोपेलर काढून बघा, शाफ्टला गुंडाळलेल्या तंगुसाने (मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने) सील कापलेलं असू शकतं. इम्पेलर रबरी, आणि आपल्या खाडीतला गाळ त्याला घासून खातो. इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक झाली तर आधी कचरा तपासा, मग इम्पेलर. झिंक (इंजिनाऐवजी स्वतः गंजणारा जस्ताचा तुकडा) निम्मं झिजल्यावर बदला. स्पार्क प्लग नुसते काढून बघितले तरी चालतं. कार्बोरेटर मात्र दरवर्षी खोलू नका. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत बोट उभी राहणार असेल, तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून ठेवा. इंजिन वॉरंटीत असेल तर हे सगळं बाजूला ठेवून मॅन्युअलचंच वेळापत्रक पाळा.