वाचकांचे प्रश्न : सेल्फीतलं नाक, पार्लरमधली क्रीम

प्रश्न : मी नववीत आहे. सेल्फीत माझं नाक फार फताडं दिसतं, फिल्टर लावला की छान दिसते. मैत्रिणी म्हणतात, मोठी झालीस की ऑपरेशन करून घे. ते कितव्या वर्षी करतात? (एक वाचक, सातारा)

ऑपरेशनचं नंतर बघू, आधी एक प्रयोग कर. नेहमीसारखा हात लांब करून सेल्फी घे. मग कुणाला तरी पाच फुटांवर उभं करून मागच्या कॅमेऱ्याने, दुप्पट झूम लावून तुझा फोटो काढायला सांग. फोन डोळ्यांच्या रेषेत हवा आणि खिडकीचा उजेड समोरून यायला हवा. दोन्ही फोटोंत चेहरा सारख्याच उंचीचा करून घे आणि नाकाची रुंदी पट्टीने मोज.

फोन जवळ असला की नाकाचा शेंडा कॅमेऱ्याला कानांपेक्षा बराच जवळ पडतो. जवळचं मोठं दिसतं, म्हणून नाक फुगतं आणि कान मागे जातात. पाच फुटांवरून हा फरक जवळपास उरत नाही. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या डॉक्टरांनी 2018 मध्ये याचं गणित मांडलं. एक फुटावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. (लग्नातला फोटोग्राफर क्लोजअप घ्यायलाही चार पावलं मागे का जातो, ते कळलं?)

आता फिल्टर. तो नाक बारीक करतो, डोळे मोठे करतो, जबडा निमुळता करतो आणि त्वचेची रंध्रं पुसून टाकतो. काही फोनमध्ये ब्युटी मोड आधीपासूनच चालू असतो. पुढचा कॅमेरा उघडून त्याची पट्टी शून्यावर आण. एखाद्या रीलमध्ये फिल्टर आहे का हे ओळखायचं असेल, तर हात किंवा केस चेहऱ्यावरून जातात त्या क्षणी थांबवून बघ. गालाची नाहीतर नाकाची कड तिथे बरेचदा थरथरते. म्हणजे तुझी तुलना चाललीय ती एका बाजूला जवळच्या कॅमेऱ्याने फुगवलेल्या नाकाची आणि दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअरने कापलेल्या नाकाची.

मुलींच्या नाकाची वाढ साधारण पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत चालते. त्याआधी निव्वळ दिसण्यासाठी जबाबदार सर्जन सहसा हात लावत नाहीत. श्वास अडत असेल तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांना आत्ताच दाखव.

प्रश्न : मुलगी सोळा वर्षांची, रंगाने सावळी. पार्लरमधून आणलेल्या क्रीमने दीड महिन्यात चेहरा उजळला. आता एक दिवस लावली नाही तर चेहरा लाल होतो, आग होते. काय करावं? (एक आई, लातूर)

हे वर्णन स्टेरॉइडच्या क्रीमचं आहे. ट्यूबवर बारीक अक्षरात बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी काही आहे का पाहा. सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही असू शकतं. ही औषधं आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी विकली जातात. स्टेरॉइडने सुरुवातीला चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात, पुरळ आणि लव वाढते. सोडली की आग होते म्हणून मुली परत लावतात, आणि त्यातच अडकतात.

ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. मधल्या काळात चेहरा आधीपेक्षा वाईट दिसेल आणि पूर्ववत व्हायला काही महिने लागतील, हे मुलीला आधीच सांगा. नाहीतर ती चोरून तीच क्रीम लावेल. लिंबू, बेकिंग सोडा, डाळीच्या पिठाने घासणं, सगळं बंद. साधं मॉइश्चरायझर आणि डॉक्टर सुचवतील ते सनस्क्रीन, एवढंच.

डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक काहीच नसेल तर पाऱ्याचीही शंका घ्या. आपल्या नियमांत (डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडून) सौंदर्यप्रसाधनात नकळत आलेला पारा दशलक्षात एक भागापेक्षा जास्त चालत नाही. अकोल्यातल्या एका घरात अशीच क्रीम वापरणाऱ्या मुलीला, आईला आणि बहिणीला मूत्रपिंडाचा विकार झाल्याचं 2023 मध्ये समोर आलं होतं. पापण्या किंवा पाय सुजले, लघवीला फेस आला, तर लघवीतल्या प्रथिनांची तपासणी लगेच करा. खरं तर एवढी स्वस्त तपासणी लक्षणं नसतानाही करून घ्यावी.

रंगाच्या जाहिरातींवर 2014 पासून बंधन आहे. सावळी व्यक्ती दुःखी किंवा कमी दर्जाची दाखवायची नाही, असं जाहिरात मानक परिषद सांगते. 2020 मध्ये सर्वांत खपणाऱ्या क्रीमच्या नावातला 'फेअर' हा शब्दही गेला. घरातल्या मावश्या-काकूंना मात्र कुठलीच परिषद लागू नाही. त्यांना तुम्हालाच थांबवावं लागेल, तेही मुलीच्या समोर.

प्रश्न : तेरा वर्षांच्या मुलीचं वजन वर्षात 38 वरून 45 झालं. 'दिवसभरात मी काय खाते' छापाच्या रील्स बघून तिने रात्रीचं जेवण सोडलंय. फोन काढून घेऊ? (एक आई, नाशिक)

आधी वजनाचं. पाळी सुरू होण्याच्या आसपास वर्षाला सहा-आठ किलो वाढणं हे वाढीचंच लक्षण आहे. कंबर-मांड्यांवरची चरबी तेव्हा यायलाच हवी. मोबाइलवरचे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) मोजणारे तक्ते मोठ्यांसाठी असतात, ते तिला लावू नका. बालरोगतज्ज्ञांकडे भारतीय बालरोग अकादमीचे 5 ते 18 वर्षांचे तक्ते असतात. मागच्या दोन-तीन वर्षांची वजनं-उंची त्यावर मांडून घ्या. रेषा आपल्या वाटेने चालली असेल तर काळजी नको. वाढीच्या वयात वजन वर्षभर जागचं हललं नाही, तर ती काळजीची बाब.

फोन हिसकावलात तर ती मैत्रिणीच्या फोनवर बघेल. इन्स्टाग्रामच्या सेटिंग्जमध्ये कंटेंट प्रेफरन्सेसमध्ये सुचवलेला मजकूर रीसेट करायची सोय आहे. ते तिच्यासोबत बसून करा. पुढच्या काही दिवसांत ती कुठे थांबते त्यावरून फीड पुन्हा घडतं. म्हणून त्याच बैठकीत तिच्या आवडीची, मग ती कबड्डी असो की चित्रकला, दहा-पंधरा खाती फॉलो करायला लावा. डाएटची रील आली की 'नॉट इंटरेस्टेड'. नुसतं वैतागून बघत राहिली तरी ॲप त्याला आवडच समजतं. शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असताना इन्स्टाग्रामने ते वाढवलं, असं 32 टक्के किशोरी सांगतात, हे कंपनीच्याच अंतर्गत कागदांत होतं. ते 2021 मध्ये फुटले.

रात्री सगळे एकत्र जेवायला बसा. तिच्या ताटावर आणि स्वतःच्या पोटावरही बोलू नका. पूर्ण जेवण नकोच म्हणाली तर अर्धी भाकरी, वरण आणि वाटीभर दही, इतक्यावरून सुरुवात करा. जेवण चुकवलं की रात्री उशिरा भूक अनावर होते, मग बिस्किटांचा पुडा संपतो, मग अपराधी वाटून दुसऱ्या दिवशी उपास. बरेचदा दुखणं इथेच मुरतं.

जेवण झाल्याझाल्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून ठेवणं, बोटांच्या सांध्यांवर घट्टे (या दोन्ही मुद्दाम उलटी काढल्याच्या खुणा असू शकतात), उभं राहताना चक्कर, सतत थंडी वाजणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका. पाळी पहिली एक-दोन वर्षं मागेपुढे होते, पण नियमित झालेली पाळी सलग तीन महिने आली नाही तर आठवड्याच्या आत डॉक्टर गाठा. मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास फुकट, मराठीतही बोलता येतं. आधी तुम्ही एकट्या फोन केलात तरी चालेल.