काउंटरमागचे प्रश्न : फार्मसीचं शिक्षण, सर्टिफिकेट आणि खान्देशातला उन्हाळा

बारावी सायन्स झालंय. डी.फार्म (फार्मसीचा डिप्लोमा) करू की बी.फार्म (पदवी)? – पारोळा

स्वतःचं मेडिकल टाकायचं किंवा जिल्हा परिषदेत औषध निर्माण अधिकारी व्हायचं असेल, तर डी.फार्म पुरतं. दोन वर्षं कॉलेज आणि नंतर ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण, तेही किमान तीन महिन्यांत. हे तास कागदोपत्री भरून घेऊ नका. प्रिस्क्रिप्शन वाचणं, एक्स्पायरी काढणं, रजिस्टर लिहिणं तिथेच हातात बसतं. फार्मसी कौन्सिलच्या २०२२ च्या नियमावलीत डिप्लोमावाल्यांसाठी एक्झिट परीक्षाही आहे. तिचे तीन पेपर असतात आणि प्रत्येकात किमान ५० टक्के लागतात. आपल्या बॅचला ती कशी लागू आहे, हे प्रवेशाआधीच राज्य फार्मसी परिषदेकडून समजून घ्या.

कंपनीत क्वालिटी कंट्रोल किंवा प्रॉडक्शनला जायचं असेल, पुढे एम.फार्म करायचं असेल, तर सीईटी देऊन चार वर्षांचं बी.फार्म. त्यासाठी पुण्या-मुंबईलाच गेलं पाहिजे असं नाही, शिरपूर, फैजपूर, चोपडा, शहादा इथे कॉलेजं आहेत. डी.फार्मनंतर बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. घरची परिस्थिती बेताची असेल तर हीच वाट आम्हाला जास्त शहाणपणाची वाटते.

माझं फार्मासिस्टचं सर्टिफिकेट एका मेडिकल दुकानाच्या लायसन्ससाठी लावलंय, मी नोकरी नाशिकला करतो. दरमहा पैसे येतात. काही अडचण? – चोपडा

आहे, आणि मोठी आहे. फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणी प्रिस्क्रिप्शनवरचं औषध तयार करू किंवा देऊ शकत नाही. तुम्ही नाशिकला असताना दुकानातला पोरगा अल्प्राझोलाम किंवा ट्रामाडॉल देतो. ही औषधं शेड्यूल एच-१ मधली, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीतली. डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि नग यांची वेगळी नोंद ठेवून ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं असतं. तपासणीत रजिस्टर कोरं निघालं की पहिली विचारणा लायसन्सवरच्या नावाची होते.

मालकाला लेखी राजीनामा द्या, प्रत ठेवा, अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाला कळवून पोच घ्या. तोंडी सांगून नाव निघत नाही.

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ वर जातो, वीजही जाते. इन्सुलिन कसं सांभाळायचं? – भुसावळ

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नको, कारण दिवसभराच्या उघडझापीत तिथलं तापमान वर-खाली होतं. फ्रीझरला खेटूनही नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक असलं तरी टाकूनच द्यायचं. किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर आत ठेवा, सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा. खालच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या की वीज गेल्यावर थंडावा जास्त टिकतो. वीज नसताना दार उघडूच नये. आणि औषधांच्या फ्रिजमध्ये मालकाचा आमरस नको!

खरं नुकसान दुकानाबाहेर होतं. गिऱ्हाईक मे महिन्याच्या दुपारी व्हायल (इन्सुलिनची छोटी बाटली) मोटरसायकलच्या डिक्कीत टाकतं आणि वरणगावला जातं. इन्सुलिन गढूळ झालं नाही तरी त्याची ताकद उतरलेली असू शकते. मग साखर वाढते, डॉक्टर डोस वाढवतात, पुढची व्हायल चांगली निघाली की साखर एकदम खाली येते. म्हणून जेल पॅक (फ्रिजमध्ये गार करायची जेलची पिशवी) कापडात गुंडाळून द्या, बर्फ व्हायलला थेट लागू देऊ नका.

घरी फ्रिज नसलेल्यांना दोन मातीच्या मडक्यांची युक्ती सांगा. मोठ्यात लहान मडकं, मधे ओली वाळू, वर ओलं फडकं. व्हायल प्लास्टिकच्या पिशवीत घालून आतल्या मडक्यात ठेवायची, मडकी सावलीत वारा लागेल अशी. कोरड्या उन्हाळ्यात याचा चांगला उपयोग होतो, पावसाळ्याच्या दमट हवेत फारसा नाही. वापरात असलेली व्हायल साधारण चार आठवड्यांत संपवायची, नेमकी मुदत आणि तापमान पाकिटावर पाहा.

लहान मुलांचं अँटिबायोटिक आणि ओआरएस देताना काय सांगावं? – शहादा

ड्राय सिरप, म्हणजे पाणी घालून बनवायचं पावडरचं औषध, शक्यतो काउंटरवरच बनवून द्या. आधी बाटली हलवून पावडर सुटी करा, उकळून गार केलेलं पाणी निम्मं घाला, हलवा, मग खुणेपर्यंत भरा. सगळं पाणी एकदम ओतलं की तळाला गोळा बसतो, पहिले डोस पातळ आणि शेवटचे जाड जातात. पाणी खुणेच्या खाली राहिलं तर प्रत्येक चमच्यात औषध जास्त.

ओआरएसचं मोठं, २०.५ ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यात. बरेच जण ते पेलाभर पाण्यात कालवतात, त्याने मीठ जास्त होऊन बाळाचं उलट बिघडतं. लिटरची बाटली हातात धरून दाखवा. औषधाचा डोस सांगताना ‘दिवसातून दोनदा’ ऐवजी इथल्या बोलीत ‘सकायले एक, संध्याकायले एक’ म्हटलं तर आजीबाईंना लगेच समजतं. धडगाव-अक्कलकुव्याकडचे पावरी बोलणारे पालक आले तर पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून द्या, आणि डोस कसा देणार ते त्यांच्याच तोंडून एकदा वदवून घ्या.