रिबिल्ड केलेलं जुनं इंजिन घेण्याआधी काय तपासावं?

आधी कामाचं बिल मागा. पिस्टन किती ओव्हरसाइज (मूळ मापाहून मोठे), बेअरिंग किती अंडरसाइज (घासून बारीक केलेल्या क्रँकशाफ्टसाठीचे) टाकले हे त्यात नसेल, तर नुसतं धुऊन रंग मारलेला असू शकतो.

मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब गेजने मोजणं. पेट्रोल इंजिन गरम, सगळे स्पार्क प्लग काढलेले, इंधन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडं. सिलिंडरांच्या आकड्यांत १०-१५ टक्क्यांहून जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा: आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट (सिलिंडर हेडखालचं सील) खराब.

सर्वांत जास्त भरवसा मात्र ऑइल फिल्टर कापून बघण्यावर ठेवा. नव्या रिंगा बसताना धातूची थोडी बारीक धूळ येतेच. पण फिल्टरच्या कागदाच्या घड्यांत चुंबकाला न चिकटणारे चकचकीत कण दिसले, तर बहुधा बेअरिंग जातंय. असं इंजिन उघडून दाखवल्याशिवाय घेऊ नका.