ट्रॅजेडी, बोकड आणि शोक

‘ट्रॅजेडी’ या शब्दात खरंच बोकड आहे का, आणि युरोपातल्या सगळ्या भाषा हाच शब्द वापरतात का, असं विचारलं आहे.

बोकड आहे, यात शंका नाही. ग्रीकमध्ये ‘ट्रागोस’ म्हणजे बोकड, ‘ओडे’ म्हणजे गाणं, त्यावरून ‘ट्रागोडिया’. वाद आहे तो बोकड तिथे आला कशाला, याचा. ॲरिस्टॉटल सांगतो की डायोनायसस या मद्याच्या देवाची समूहगीतं म्हणणाऱ्यांच्या म्होरक्यांपासून हा नाट्यप्रकार निघाला आणि त्यातलं सॅटरांचं, म्हणजे त्या देवाच्या अर्धमानव-अर्धपशू सोबत्यांचं, वळण सुटायला वेळ लागला. त्यावरून ‘बोकडरूपी सॅटरांचं गाणं’ अशी व्युत्पत्ती पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. मला ती पटत नाही. अथेन्सच्या जुन्या रंगीत भांड्यांवरच्या सॅटरांना शेपूट आणि कान घोड्याचे आहेत! पॅरॉस बेटावरच्या इ. स. पू. तिसऱ्या शतकातल्या शिलालेखात मात्र पहिला नट मानल्या जाणाऱ्या थेस्पिसच्या संदर्भात बोकडाच्या बक्षिसाचा उल्लेख आहे, आणि रोमन कवी होरेसही बक्षिसाचीच गोष्ट सांगतो. ग्रीक धर्माचे अभ्यासक वाल्टर बुर्कर्ट यांनी १९६६ साली बोकडाच्या बळीच्या वेळचं गाणं, असा अर्थ मांडला. ही दोन मतं मला परस्परविरोधी वाटत नाहीत. देवाच्या उत्सवात जिंकलेला बोकड देवालाच वाहिला जाणार.

म्हणजे मूळ शब्दात दुःखाचा मागमूस नाही. आजच्या ग्रीकमध्ये त्याच घराण्यातला ‘ट्रागूदी’ म्हणजे नुसतं गाणं, कसलंही. प्राचीन ट्रॅजेडीचा शेवटही दरवेळी दुःखाचा नसे: ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या टॉरिसमधल्या इफिजेनियावरच्या नाटकात बहीणभाऊ सुखरूप सुटतात. मध्ययुगात तर शब्दाचा रंगभूमीशी संबंधही सुटत चालला होता. इटालियन कवी दान्ते रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्याला ट्रॅजेडी म्हणतो. इंग्रज कवी चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधला मठवासी वैभवातून कोसळलेल्या माणसाच्या कथेला.

फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, पोलिश, रशियन यांनी लॅटिनच्या वाटेने आलेला हाच शब्द थोड्याफार फरकाने ठेवला. उत्तरेकडे मात्र घरचे शब्द घडले. जर्मन ‘ट्राउअरश्पील’ म्हणजे शोकाचा खेळ; नाटककार लेसिंगच्या १७५५ च्या ‘मिस सारा सॅम्पसन’वर हेच नाव छापलं गेलं, राजेरजवाडे नसलेल्या नाटकावर. ‘ट्रागोडिये’ही जर्मनमध्ये सोबत नांदतो. डच, डॅनिश, आइसलँडिक, हंगेरियन या भाषांतही शोक आणि खेळ यांचीच जोडी आहे.

आपली ‘शोकांतिका’ या उत्तरेकडच्या शब्दांच्या जवळची, पण ती एक पाऊल पुढे जाऊन शेवट सांगून टाकते. इफिजेनियाच्या नाटकाला ती कशी म्हणायची? मराठी समीक्षेत ‘शोकात्मिका’ हाही शब्द रुळलेला आहे. तो शेवटाऐवजी नाटकाच्या प्रकृतीबद्दल बोलतो, म्हणून ग्रीक नाटकांविषयी लिहिताना मी तोच वापरते.