अश्रूंतलं प्रथिन मोजून नोकरी मिळेल का?

प्रश्न : मुलगी एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. फ्लुओरेस्कामाइन नावाचं रसायन वापरून अश्रूंतलं प्रथिन मोजायचा प्रोजेक्ट घेतलाय. एवढ्याशा कामावर नोकरी कोण देणार? – एक पालक, कराड

उत्तर : काम एवढंसं आहे म्हणूनच अवघड आहे. एका डोळ्यात एका वेळी जेमतेम सात मायक्रोलिटर अश्रू असतात, म्हणजे पुरता थेंबही नाही. प्रथिन मोजायची ब्रॅडफर्डची 1976 ची निळ्या रंगाची पद्धत स्वस्त आणि सोपी. पण प्रथिन फारच थोडं असलं, की ते ऊसभरली ट्रॉली काट्यावर घालून एक कांडी कमी झाली का हे बघण्यासारखं होतं. फ्लुओरेसन्स, म्हणजे प्रकाश पडल्यावर पदार्थाचं स्वतः चमकणं, हा अमावस्येच्या रात्रीचा काजवा. मागे अंधार, म्हणून इवलासा उजेडही दिसतो. 1972 मध्ये पुढे आलेलं फ्लुओरेस्कामाइन स्वतः चमकत नाही, प्रथिनातल्या अमाइनशी (नायट्रोजन असलेल्या गटाशी) जुळलं की चमकतं. पाण्यात ते काही सेकंदांतच निकामी होतं, त्यामुळे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून ठेवायचं आणि नळीत टाकल्याबरोबर ढवळायचं. हात बसायला वेळ लागतो.

नुसत्या प्रोजेक्टच्या नावावर नोकरी मिळणार नाही, हे मात्र तुमचं खरं. मुलाखतीत मी असतो तर विचारलं असतं, ‘ट्रिस बफर का नाही वापरलास?’ बफर म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण. ट्रिसमध्येच अमाइन असतं, त्यामुळे प्रथिन नसलेली नळीही चमकते. दुसरा प्रश्न : ‘स्टँडर्ड अल्ब्युमिनचं, मग अश्रूंचा आकडा खरा कसा?’ स्टँडर्ड म्हणजे तुलनेसाठी घेतलेलं, माहीत प्रमाणातलं प्रथिन. प्रथिनागणिक लायसिन (अमाइन असलेला घटक) कमीजास्त असतं, म्हणून तो आकडा अल्ब्युमिनच्या तुलनेतला. हे तिला न अडखळता सांगता आलं, तर प्रोजेक्ट सार्थकी लागला.

लस, इन्सुलिन, बायोसिमिलर (मूळ जैविक औषधासारखीच औषधं) बनवणाऱ्या कंपन्यांत क्यू.सी. (गुणवत्ता तपासणी) आणि अ‍ॅनालिटिकल विभाग असतात. पुण्यात सीरम, बंगळुरूत बायोकॉन, हैदराबादेत भारत बायोटेक. तिथे एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) आणि एलायझा (अँटिबॉडी वापरून प्रथिन शोधायची चाचणी) आधी विचारतील. कॉलेजात एचपीएलसी असेल तर गाइडच्या मागे लागून पंधरा दिवस त्यावर बसायला सांगा. संशोधनात जायचं असेल तर सीएसआयआर-नेट या फेलोशिपच्या परीक्षेची तयारी आत्ताच सुरू करावी लागेल.

आणि हो, बिघडलेल्या रीडिंगचं पान वहीतून फाडू नकोस म्हणावं. क्यू.सी.त ते अजिबात खपत नाही. चूक एका रेघेत खोडायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख.